काकांचा लॅपटॉप मी फास्ट केला

काकांना सकाळी साडेआठपासून दहापर्यंत बऱ्यापैकी दिसायचं. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दहानंतर डोळे दमायचे आणि पडद्यावरच्या ओळी एकमेकींत शिरायच्या. म्हणजे दिवसाचा दीड तास हातात, आणि त्यातला अर्धा तास लॅपटॉप खायचा.

अर्धा तास हे मी वाढवून सांगत नाही. काका बटण दाबायचे, मागे वाडीत जाऊन केळींना पाणी सोडायचे, परत येऊन बघायचे तर पडद्यावर ते गोल गोल अजून फिरतंच आहे. मग फाइलवर टिचकी मारायची आणि ती उघडेपर्यंत चहा प्यायचा. काकी म्हणायच्या, "याच्यापेक्षा आपली म्हैस लवकर उठायची. तिला निदान हाक तरी मारता यायची."

त्या लॅपटॉपात काकांच्या घरातल्या बोलीचा शब्दकोश होता. कोश हा शब्द माझा. ते नुसतं 'आमचं काम' म्हणायचे. पापडीत त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी आहे, केळी, पानवेल, थोडी फुलं. शाळेत आणि बाजारात ते नेहमीची मराठी बोलत, पण काका आणि त्यांची मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणायचे, ओट्यावर बसून बोलायला लागले की मला चारातला एक शब्द कळायचा. अक्कांकडे पाण्याचे, वाऱ्याचे, वाडीतल्या कामाचे असे शब्द होते जे काकांनी फक्त ऐकले होते, स्वतः कधी बोलले नव्हते. एका शाळेच्या ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर काका अक्कांसमोर बसून ते कागदाच्या कपट्यांवर उतरवायला लागले. रोज सकाळी ते टाइप करायचे, आणि टाइप झालेला कपटा अंघोळीचं पाणी तापवायच्या बंबात. "लॅपटॉपात आहे की आता," असं म्हणत स्वतःच्या हातानं घालायचे. नऊ वर्षं हे चाललं. दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. आता जमलेलं सगळं तपासून छापण्याजोगं करायचं, आणि ते डोळे जायच्या आत, एवढंच काकांचं राहिलं होतं.

मी त्यांच्या नात्यातला नाही. हिंगोलीकडचा. वडील गेले तेव्हा आठवीत होतो, शाळा तिथंच सुटली. खरं सांगायचं तर सुटली याचं तेव्हा थोडं बरंही वाटलं होतं, कारण इंग्रजीच्या तासाला सर माझ्यापर्यंत येईतो माझे तळहात ओले व्हायचे. विशीत इकडे आलो ते केबलच्या वायरी ओढायच्या कामावर. काकांच्या घराची वायर तुटली म्हणून गेलो, तर त्यांनी विचारलं, राहतोस कुठे? गोडाऊनमध्ये, म्हणालो. आठ दिवसांत त्यांनी वाडीतली अवजारांची खोली रिकामी करून मला दिली. ना ओळखीचा माणूस विचारला, ना कागद. तीन वर्षं मी तिथं राहिलो. गावी आई शेजारणीच्या फोनवरून विचारायची, "तिकडं कोन हाय रं तुला?" तेव्हा मी ज्या घराचं सांगायचो, ते हेच.

इंग्रजीही काकांनीच शिकवलं. पुस्तकातलं नाही, कम्प्युटरसमोर खुर्ची ओढून. "'कॅन्सल' म्हणजे नको. 'रिट्राय' म्हणजे परत बघ. आणि 'आर यू शुअर' आलं ना, म्हणजे तो विचारतोय, बाबा रे, नक्की? तेव्हा हात मागे घ्यायचा आणि डोकं पुढे करायचं." त्या जोरावर मला आचोळ्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. आज मला माणसांचं इंग्रजी धड येत नाही, पण मशीन काय म्हणतंय ते कळतं.

म्हणून एका रविवारी मी काकांना म्हणालो, "उद्या लॅपटॉप माझ्याकडे द्या. रॅम वाढवतो आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो. पार्ट माझ्याकडून. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"चालू व्हायला किती वेळ लागेल मग?"

"तुम्ही चष्मा पुसेपर्यंत चालू."

काका हसले. "माझ्या डोळ्यांत नाही का रे बसवता येत असलं काही?"

सोमवारी दुकानात मी तो उघडला. आत वाडीतली लाल माती होती आणि मेलेल्या मुंग्या. रॅमच्या दोन जागांपैकी एक पहिल्यापासून रिकामीच होती. काकांनी इतकी वर्षं अर्ध्या ताकदीच्या मशीनवर काम केलं होतं आणि मी अधूनमधून त्यांच्याकडे जेवून येत होतो, एकदाही उघडून बघितलं नव्हतं. नवी रॅम तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टक्‌ करून बसल्या. हार्ड डिस्क काढली. तिच्या जागी ठेवायची एसएसडी हातात घेतली तर रिकामी डबी वाटावी इतकी हलकी.

इथं दोन रस्ते असतात. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं उचलून नव्यावर ठेवता येतं. त्यात काही मागे राहत नाही, पण नऊ वर्षांची घाणही सोबत येते. किंवा नवं कोरं विंडोज टाकायचं आणि फक्त फाइली आणायच्या. मी नवं टाकलं. काकांना चांगल्यात चांगलं द्यायचं होतं.

फाइली आणल्या आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे दोन-चार उघडून पाहिल्या. 'शब्द' नावाचं एक फोल्डर होतं, त्यात सगळं स्वच्छ मराठीत, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. म्हटलं, आलं काकांचं काम. मग दुसऱ्या कप्प्यात आणखी एक फोल्डर दिसलं, नावाला नुसते आकडे, आत दोनशेच्या आसपास फाइली. एक उघडली. उभ्या रेघा, डोक्यावर टोपी घातलेले ओ, पौंडाची खूण, मध्येच कंस. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच.

आदल्याच आठवड्यात दुकानात एक मशीन आलं होतं, व्हायरसनं त्यातल्या सगळ्या फाइलींचं असंच कडबोळं केलेलं. तो व्हायरस आमच्या टेबलावरच्या मशीनमध्ये शिरला तेव्हा शेठ सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पुन्हा कोणी आंधळ्यासारखं घाण आत आणली तर त्यानं दुसरं दुकान बघायचं." ते वाक्य माझ्या पोटात तसंच होतं. फोन करून काकांना विचारता आलं असतं. एवढाच तर प्रश्न होता, हे काय आहे? पण अक्षरं दिसतायत आणि मला वाचता येत नाहीत, हे कोणालाही सांगायला माझी जीभ उचलत नाही. ती आठवीतली खोड आहे. त्यातून ज्यांनी वाचायला शिकवलं त्यांनाच सांगायचं.

मी फोल्डर निवडलं आणि पुसलं. मशीननं विचारलं, नक्की? मी हो म्हणालो.

जुनी डिस्क सीसीटीव्हीच्या खोक्यात टाकली. आमच्याकडे अशा डिस्क कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला वापरतात. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र साठवणारा डबा, तिला स्वतःच साफ करून घेतो. बुधवारी शेठनी ती नेऊन चिंचोटीच्या एका गोडाऊनला बसवली.

मंगळवारी संध्याकाळी मी लॅपटॉप पापडीला घेऊन गेलो होतो. काकांनी बटण दाबलं, सवयीनं उठून वाडीकडे निघाले, आणि काकींनी हाक मारली, "अहो, थांबा! झाला चालू." काका परत आले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, मग माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हे काय केलंस तू!" मला मास्तर ते पहिल्यांदाच म्हणाले. काकी म्हणाल्या, "आता माझ्या चहाची पंचाईत. तो उठेपर्यंत आधण ठेवायचं असा आमचा हिशेब होता." मी जेवूनच निघालो. इतकं पोटभर मी त्या घरी आधी कधी जेवलो नव्हतो.

शनिवारी सकाळी काकांचा फोन आला.

"अरे, जुना खण दिसत नाही मला. कुठे ठेवलास?"

"कुठला खण, काका?"

"अक्काचं सगळं. आकडे आहेत ना नावाला. ते ऑफिसातल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं. नवीन मराठी मी गेल्या वर्षीपासून वापरतोय, 'शब्द'मध्ये आहे ते नुसतं तपासून झालेलं. थोडंच आहे."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. जुन्या काळी मराठी टाइप करायचे ते फॉन्ट म्हणजे खरं तर इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवलेले. तो फॉन्ट मशीनमध्ये असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खालची अक्षरं उघडी पडतात. काकांचा फॉन्ट जुन्या विंडोजमध्ये होता. नव्या कोऱ्यात नव्हता. त्या फाइलींना काहीही झालं नव्हतं. हे सगळं त्या दोन मिनिटांत मला कळलं, आणि मी म्हणालो, "असेल काका. दुकानात बॅकअप आहे. मी आणतो."

बॅकअप नव्हता.

रविवारी गेलो आणि जरा सेटिंग बघतो म्हणून लॅपटॉप घेऊन बसलो. पुसलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम असतो, तो चालवला. जुनी हार्ड डिस्क या बाबतीत आळशी असते. पुस म्हटलं तर नुसतं नाव खोडते, माल आत पडून राहतो. एसएसडी तशी नाही. पुस म्हटलं की ती मागाहून जागा खरंच साफ करून ठेवते, पुढचं काम चटकन व्हावं म्हणून. ज्या गुणासाठी मी ती बसवली होती त्याच गुणानं काम केलं होतं. प्रोग्रामला एक ओळही सापडली नाही. काका शेजारी बसून शेंगा सोलत होते. "सावकाश कर," म्हणाले, "घाई नाही." घाई त्यांनाच होती.

राहिली जुनी डिस्क, मूळ फाइली तिच्यावरच होत्या. ती चिंचोटीला गोडाऊनच्या गेटचं चित्रीकरण करत होती. ती काढायची तर शेठना सांगावं लागणार, आणि सांगितलं तर काम जाणार. काम गेलं तर खोली जाणार, आणि मग हिंगोलीची गाडी. मी रोज सकाळी उठून ठरवायचो की आज सांगू, आणि दुकानाचं शटर वर गेलं की तोंड बंद व्हायचं. सोमवार गेला. मंगळवार, बुधवार गेले. काकांनी एकदा फोन केला, तो मी उचलला नाही. गुरुवारी काकींचा आला. त्या म्हणाल्या, "बाळा, बरा आहेस ना? हे म्हणतायत, तो कधी फोन टाळत नाही, आजारी असेल."

शुक्रवारी मी दुकानात न जाता पापडीला गेलो. साडेआठ वाजले होते. काका पडवीत लॅपटॉपसमोर बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मध्ये दोनदा चुकलो, परत पहिल्यापासून सांगितलं.

काकी दारात आल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. काकांनी लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं, झोपलेल्याला पांघरूण घालावं तसं.

"व्हायरस वाटला तुला."

"हो."

"ते ठीक आहे. ते कोणालाही वाटलं असतं. पण मी शनिवारी फोन केला, तेव्हा तुला कळलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मग शनिवारी का नाही बोललास रे? मी काय तुला मारलं असतं?"

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणतात. मला तसंही वाटलं नाही. मला फक्त तिथून निघून चिंचोटीला पोचायचं होतं.

शेठना फोन केला. शिव्या द्यायला त्यांनी सुरुवात केली आणि निम्म्यातच थांबले. "कोणाचं आहे म्हणालास? ज्यांनी तुला ठेवून घेतलं होतं ते? अरे येड्या!" अर्ध्या तासात स्वतः गाडी घेऊन हायवेच्या नाक्यावर आले. "बस मागे. आणि रडू नको, हेल्मेटमध्ये काच धुरकट होते."

गोडाऊनच्या माणसाला दुसरी डिस्क लावून दिली आणि काकांची काढून आणली. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालला. शेठ खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसून होते. पडद्यावर एकेक तुकडा वर येत होता आणि बहुतेक सगळे गेटचे व्हिडिओ. टेम्पो आत येतोय, टेम्पो बाहेर जातोय, वॉचमन खुर्ची उन्हातून सावलीत नेतोय. शेवटी डिस्कच्या टोकाला, जिथवर रेकॉर्डिंग पोचलं नव्हतं, तिथून एकतीस फाइली निघाल्या. दोनशेतल्या एकतीस.

"शनिवारी बोलला असतास ना," शेठ म्हणाले, "तर अर्ध्याच्या वर निघालं असतं. सहा दिवस त्याच्यावरून टेम्पो गेलेत, भाऊ."

मला कामावरून काढलं नाही. त्याबद्दल पुन्हा ते एक शब्दही बोललेले नाहीत. मी भीत होतो ते काहीच झालं नाही, आणि भिण्यापायी जे व्हायचं ते होऊन गेलं.

काकांच्या कपाटात त्या फॉन्टची जुनी सीडी होती, शाळेच्या ऑफिसातली. रविवारी ती चालवली. सापडलेल्यातली एक फाइल उघडलेली ठेवली होती, तीच टोप्या घातलेले ओ आणि पौंडाच्या खुणा. फॉन्ट बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते सगळं मराठी झालं. पान भरून. गाणं होतं, हळदीचं. मला वाचता येत होतं. काका पुढे वाकून ओळीवरून बोट फिरवत होते आणि वाचताना त्यांचा आवाज बदलला. अक्का अशाच नाकातून थोडं ओढून म्हणायच्या. काकी आत निघून गेल्या.

त्यानंतर दर रविवारी मी पापडीला जातो. माझी सुट्टी, आणि चर्चला जाणारी माणसं रस्त्यावर दिसायला लागतात त्या वेळी मी पोचतो. काका आठवून सांगायचे, मी टाइप करायचो. पहिले काही रविवार बरे गेले. शंभर-सव्वाशे शब्द झाले. मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. काकांना अर्थ आठवायचा आणि शब्द आठवायचा नाही.

"केळीला पाणी सोडलं की बुंध्याशी थोडं साचतं आणि त्यात आभाळ दिसतं. त्याला होता शब्द. अक्का म्हणायची, बघ ते... ते..." हात हवेत तसाच राहायचा. "लिही, उजवीकडे अर्थ लिहून ठेव. आठवेल."

मी लिहायचो. पानवेलीचं पहिलं पान खुडताना होतो तो आवाज. माहेरून निघालेली बाई वळणावर थांबते ती जागा. समुद्रावरून येतो पण ज्याला मिठाचा वास नसतो असा वारा. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरताना धरायचं मौन. उजवीकडे अर्थ भरत गेले आणि डावीकडे रिकामं.

एकदा मी म्हणालो, "काका, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना विचारू. मी जातो घरोघर." गेलोही. चार-पाच घरांत फिरलो. चहा सगळ्यांनी दिला. शब्द दोन मिळाले, आणि त्यातल्या एकावरून सासू-सुनेचं भांडण लागलं. बाकी सगळे म्हणाले, हे तुमच्या अक्कांना माहीत असणार, त्यांना विचारा.

या पावसाळ्यानंतर काकांचा सकाळचा दीड तासही गेला. उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळतं, अक्षर दिसत नाही. लॅपटॉप तसाच फास्ट आहे. बटण दाबलं की मी खुर्ची पुढे घेईपर्यंत चालू होतो. त्याच्यासाठी आता कोणाला थांबावं लागत नाही.

परवाच्या रविवारी काका ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "झालंय तेवढं वाच. पहिल्यापासून."

मी वाचायला लागलो. तपासलेला भाग संपला, मग एकतीस फाइलींतला. मग आम्ही केलेलं आलं, आणि मी अडखळलो.

"थांबलास का?"

"शब्द नाही, काका. जागा मोकळी आहे."

"मग मोकळी म्हण आणि पुढे हो. मध्येच थांबलास की मला वाटतं लाइट गेली."

मी वाचत गेलो. मोकळी: केळीच्या बुंध्याशी साचलेलं, आभाळ दिसणारं पाणी. मोकळी: पानवेलीचं पहिलं पान खुडल्याचा आवाज. मोकळी: माहेरून निघालेली बाई थांबते ती जागा.

स्वयंपाकघरातून काकी म्हणाल्या, "त्याला आमच्याकडे शब्द आहे की," आणि त्यांनी तो सांगितला.

"तो तुमच्या माहेरचा, आगाशीचा," काका म्हणाले. "अक्काचा वेगळा होता."

"मग घाला हाच. रिकामं ठेवण्यापेक्षा."

"नको."

काका मान खाली घालून बसले. त्यांचे ओठ एकदा हलले, मग पुन्हा एकदा. मी की-बोर्डवर बोटं ठेवून थांबलो.

"पुढचं वाच," ते म्हणाले.